एफडी मोडू नका, डिस्कही उघडू नका

प्रश्न: फोंड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. कॉम्प्युटर चालू होतो, पण हार्ड डिस्क दाखवत नाही. आतून टक्-टक् आवाज येतो. दोन लग्नांचे फोटो तीत अडकलेत. प्रत्येकी ७०,००० ठरले होते, ३०,००० आगाऊ घेतलेत. मुंबईची लॅब डेटा काढायचे ३८,००० सांगते. एक लाखाची एफडी मोडू, की माफी मागून नवा कॉम्प्युटर घेऊ?

उत्तर: नवा कॉम्प्युटर कशाला? बिघडलीय ती डिस्क. ती बदलली की तोच कॉम्प्युटर चालेल.

डिस्क गप्प असती, तर आधी केबल आणि पॉवर सप्लाय बदलून बघा म्हटलं असतं. कधीकधी काही शेकड्यांत काम होतं. टक्-टक् मात्र बहुतेक वेळा आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, गेल्याची खूण. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली, तर हेड घासून डेटा कायमचा जाऊ शकतो. प्लग काढून ठेवा. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणीतरी देईलच. आत दव धरतं, ऐकू नका.

आता पैसे. येणं बाकी ८०,०००, फोटो न दिल्यास परत करायचे ६०,०००. म्हणजे टांगणीला आहेत १,४०,०००. त्यापुढे ३८,००० जास्त नाहीत, पण दोन गोष्टी आधी करा. कॅमेऱ्याची मेमरी कार्डं शोधा. फॉरमॅट करून त्यांवर नवं शूटिंग झालं नसेल, तर फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर बरेचदा फोटो परत काढतं. एक लग्न जरी असं मिळालं, तरी पणाला उरतात ७०,०००, आणि मग लॅबशी घासाघीस करायला बळ येतं. दुसरं, 'डेटा नाही तर पैसे नाहीत' हे लेखी घ्या, आणि पैसे भरण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी मागा. तपासणी फी वेगळी असेल तर तीही विचारा.

एफडी मोडल्यास जितके दिवस ठेवली तितक्या मुदतीचाच दर मिळतो, वर बहुतेक बँका दंड कापतात. त्यापेक्षा तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून कर्ज, घ्या. एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त, समजा ८ टक्के धरले, तर ३८,००० चे चार महिन्यांचे व्याज जेमतेम हजार रुपये. पुढचं येणं जमा झालं की फेडून टाका. लॅबचं बिल धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येईल. मात्र उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरायच्या अंदाजी योजनेखाली (आयकराच्या जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी) रिटर्न भरत असाल, तर त्याची वेगळी वजावट नाही.

गिऱ्हाइकांना आजच फोन करा. व्हडल्या दिवाळीनंतर, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर, लग्नं सुरू होतील, तेव्हा फोटो दोन वेगळ्या डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.