निकालाच्या आठवड्यात उधारीची वही काढू नका

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. कृषी केंद्र, भागीदार दुसऱ्या पक्षाचा, झेडपीच्या निवडणुकीवरून जुन्या गिऱ्हाईकाशी वाजलेलं. आणि शेवटी तुमचे दोन प्रश्न: दुकानात "राजकीय चर्चा करू नये" असा बोर्ड लावू का, आणि त्या गिऱ्हाईकाची उधारी याच आठवड्यात वसूल करून संबंध संपवू का? बोर्डाचं नंतर. उधारीचं आधी सांगतो, कारण नेमकं तेच मी करून बसलो आहे.

आमचं दुकान यवतमाळ जिल्ह्यात, वडिलांच्या काळापासूनचं. १८ डिसेंबर २०२२ ला आमच्या ग्रामपंचायतीचं मतदान झालं, २० तारखेला निकाल लागला. चुलतभाऊ एका पॅनलकडून उभा होता आणि मी उघड त्याच्यासोबत फिरलो. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पॅनल पडलं.

त्या वर्षी उधारी अडकली होती हे तुम्हाला आठवत असेलच. आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, त्यामुळे आठ हजारांच्या आसपासच्या भावात कोणी विकायला तयार नव्हतं. घरोघरी समोरच्या खोलीत कापसाची गंजी लागलेली. दिवाळीला येणारे पैसे डिसेंबर संपत आला तरी आले नव्हते आणि वितरकाचा माझ्यामागे तगादा सुरू होता. म्हणून २२ तारखेला बसून वहीतली सर्वात मोठी सात नावं काढली. त्यातली पाच समोरच्या पॅनलची निघाली. मुद्दाम काढली नव्हती. मोठ्या जमिनी त्या घरांकडे, म्हणून खत-बियाण्याची उधारीही त्यांचीच मोठी. पण हे मला माहीत होतं, गावाला नाही.

पहिलं घर वडिलांच्या वयाच्या एका काकांचं. ओट्यावर विजयाचा गुलाल तसाच पडलेला, दाराशी फटाक्यांचे कागद. काकांनी बसायला सांगितलं, चहा आला. मग वही मागितली. आपल्या नावावरून बोट खालपर्यंत नेलं, बेरजेवर थांबले आणि म्हणाले, "आजच काऊन काढली रे वही? तुह्या बापानं असं कधी नाई केलं." मी वितरकाचं सांगितलं. ते खरं होतं. पण त्या ओट्यावर ते खरं वाटण्यासारखं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याची गाडी उभी होती. संध्याकाळी त्यांचा मुलगा ६३,४०० रुपये रोख घेऊन आला, मोजून दिले आणि पावती मागितली. एवढ्या वर्षांत त्या घरानं कधी पावती मागितली नव्हती. आठ दिवसांत पाचही घरांचे पैसे आले. माझ्या दुकानाची इतकी चोख वसुली कधी झाली नव्हती. आणि जून २०२३ मध्ये त्या पाच घरांतून आणि त्यांच्या भावकीतून कपाशी बियाण्याची एकही थैली माझ्याकडून गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कापूस आणखी उतरला, म्हणजे डिसेंबरात विकून त्यांचा तोटा झाला नव्हता. हे मी चार ठिकाणी बोलून दाखवलं. ती आणखी एक चूक.

त्याच जूनमध्ये माझ्या दुकानाबद्दल निनावी तक्रार गेली. कोणी केली ते मला माहीत नाही आणि मी कोणावर बोट ठेवत नाही. पण संबंधित कार्यालयानं बियाण्याच्या एका लॉटला विक्री बंदचा आदेश चिकटवला, नमुने नेले, आणि नंतर मी अहवालासाठी चकरा मारत राहिलो. साहेब दौऱ्यावर, बाबू म्हणे वरून आलं नाही. अहवाल चांगला आला, पेरण्या उरकल्यावर. तो माल तसाच पडून राहिला. ऐन पेरणीत दुकान अडवायचं आणि उत्तर द्यायची घाई नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. असो, तुमचा विषय तो नाही. एवढंच करा की खरेदीची बिलं, साठा रजिस्टर आणि परवान्याची मुदत निवडणुकीच्या वर्षात रोजच्या रोज नीट ठेवा.

आता माझं मत. माझ्या एका दुकानाच्या अनुभवावरून बोलतोय, तुमच्या गावाचा रंग वेगळा असू शकतो. गावात दुकानदारानं "मी कोणाचाच नाही" म्हणू नये. कोणी विश्वास ठेवत नाही. ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं. म्हणून ते भांडण पक्षाचं न राहता घराघराचं होतं आणि कोण कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुमचं मत असू द्या, बोला. पण काटा, भाव आणि उधारीची तारीख यांना त्या मताचा वाससुद्धा लागता कामा नये. मी आता जूनमध्येच बिलावर वसुलीची तारीख टाकतो, सगळ्यांना एकच, चुलतभावालाही तीच. निवडणूक लागली तर तारीख महिनाभर पुढे ढकलतो, तीही सगळ्यांची. मग वही काढली तर कोणी "आजच काऊन" विचारत नाही.

तुमची रक्कम बुडेल ही भीती असेल तर वहीत बाकीसमोर त्यांची तारखेसह सही घ्या. मालाच्या बाकीसाठी कोर्टात दावा टाकायला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि मुदतीत लेखी कबुली दिली तर ती नव्यानं मोजतात. मी वकील नाही, तालुक्याला विचारून घ्या. पण ही सहीसुद्धा या आठवड्यात नको, हंगामाच्या हिशेबाला सगळ्यांची घ्या.

भागीदाराचं थोडक्यात: फर्मची नोंदणी आहे का ते आधी बघा. नसेल तर येणी वसूल करायला फर्मच्या नावानं दावा टाकता येत नाही, १९३२ च्या कायद्यातच तसं आहे. आणि दुकानाच्या मोबाइल नंबरवरून दोघांनीही स्टेटस ठेवणं बंद करा. उमेदवाराच्या जेवणावळीची, डिझेलची उधारी कोणत्याच बाजूची घेऊ नका, रोखच. दुकानाची पिकअप मतदानाच्या दिवशी कोणाला देऊ नका.

बोर्ड लावू नका. आपल्याकडे पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमण्यांची गाणी, म्हणतात, सरकारपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची त्यात सालं निघतात, आणि मग जो तो आपली बैलजोडी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत फिरतो. लोकांना बोलण्याचं वावडं नाही. बोर्ड दिसला की दुकान कोणावर तरी रुसलंय एवढंच त्यांना कळतं.

माझं पुढे काय झालं तेही सांगतो. २०२३ च्या पोळ्याला काकांची जोडी आमच्या दारावरून न थांबता गेली. आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. २०२४ ला मी तोरणाजवळच त्यांना गाठलं आणि "काका, त्या दिवशी चुकलं" एवढंच म्हणालो, हिशेबाचं काही काढलं नाही. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी जोडी दारात थांबली, आईनं ओवाळलं. बियाणं अजूनही ते दुसरीकडून आणतात. मागच्या हंगामात त्यांचा मुलगा फवारणी पंपाचं वायसर घ्यायला आला होता, तेवढंच.

तुमचं गिऱ्हाईक अजून तुमच्या वहीत आहे. माझं राहिलं नाही.