एचआयव्हीला प्रोटिएज इनहिबिटर आहेत, मग हर्पिसला का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दर दोन-तीन महिन्यांनी ओठावर हर्पिसचे फोड उठतात, असायक्लोव्हिर (हर्पिसची नेहमीची गोळी) घेऊन घेऊन वैताग आलाय, आणि एचआयव्हीला, कोविडला प्रोटिएज इनहिबिटर, म्हणजे व्हायरसचं प्रोटिएज नावाचं एन्झाइम अडवणारी औषधं, निघाले तर हर्पिसला का नाही, किंवा त्याच गोळ्या घेतल्या तर चालेल का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो: नाही, अजिबात घेऊ नका.

प्रोटिएज म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम, पण हे नुसतं आडनाव समजा. पाटील गावोगाव असतात म्हणून सगळे एकाच घरातले नसतात ना, तसंच. एचआयव्हीचं प्रोटिएज एस्पार्टिल प्रकारचं, कोविडचं सिस्टीन प्रकारचं आणि हर्पिसचं सेरीन प्रकारचं, तिघांची कापायची जागा वेगळी, आकार वेगळा, त्यामुळे एकासाठी घडवलेलं औषध दुसऱ्यात बसतच नाही. वर आणि त्या गोळ्यांबरोबर बऱ्याचदा रिटोनाव्हिर असतं, ते लिव्हरमधलं औषधं मोडणारं एन्झाइम अडवून ठेवतं, म्हणजे तुम्ही कोलेस्टेरॉलची वगैरे गोळी घेत असाल तर तिचं रक्तातलं प्रमाण भलतंच वाढू शकतं.

आता मूळ प्रश्न, जो खरंच चांगला आहे. एमएस्सीनंतर दोनेक वर्षं मी ह्याच फॅमिलीच्या प्रोटिएजवर काम केलंय त्यामुळे जरा जिव्हाळ्याचा विषय आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

हर्पिसचा व्हायरस पेशीत शिरला की केंद्रकात स्वतःचं कवच बांधतो, साधारण १२५ नॅनोमीटरचं. हे बांधकाम आपल्याकडे स्लॅब टाकतात तसंच. आधी आतून सेंटरिंग लावायचं, म्हणजे आधार देणारी प्रोटीन्स, त्यावर कवच उभं राहतं, आणि मग सेंटरिंग काढून जागा मोकळी केल्याशिवाय आत डीएनए भरता येत नाही. हे सेंटरिंग तोडायचं काम प्रोटिएजचं. १९८० च्या दशकात असा एक म्युटंट व्हायरस सापडला की टेम्परेचर वाढवलं की त्याचं प्रोटिएज बंद पडायचं, आणि पेशीत नुसती आत सेंटरिंग अडकलेली, डीएनए नसलेली कवचं साचायची. बिनकामाची. म्हणजे हे एन्झाइम अडवलं की व्हायरस अडतो हे तेव्हाच कळलं होतं. शिवाय कांजिण्या-नागीण, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिसचाच भाऊबंद), सगळ्या हर्पिस फॅमिलीत असंच प्रोटिएज आहे, त्यामुळे एकाच औषधात सगळे गार अशी आशा होती. १९९५ च्या डिसेंबरात एचआयव्हीचं सॅक्विनाव्हिर हे प्रोटिएज इनहिबिटर आलं आणि १९९६ मध्ये सीएमव्हीच्या प्रोटिएजची क्रिस्टल रचना, म्हणजे त्याचा नेमका त्रिमितीय आकार, एकदम तीन-चार टीम्सनी छापली. सगळे कामाला लागले.

आणि तिथेच गाडं अडलं. एक तर ह्या एन्झाइमची कापायची जागा उथळ आहे, खोल खाच असेल तर औषधाचा रेणू घट्ट बसतो, इथे म्हणजे ताटात गोटी ठेवल्यासारखं, जरा हललं की घसरली. दुसरं, हे एन्झाइम एकटं असलं की झोपलेलं असतं, दोघांची जोडी जमली तरच चालतं, आणि जोडी कमी प्रमाणात असली की सुटते. टेस्ट करताना जोडी टिकावी म्हणून आम्ही बफरमध्ये (एन्झाइम ठेवायच्या द्रावणात) ग्लिसरॉल आणि भरपूर सायट्रेट घालायचो, ते इतकं दाट व्हायचं की गुलाबजामचा पाक पिपेटने मोजतोय असं वाटायचं, टिपच्या आतल्या बाजूला चिकटून राहायचं आणि रीडिंग कधी जुळायची नाहीत. सायट्रेट काढलं की एन्झाइम मलूल. पण खरं तर व्हायरसच्या कवचात असं सायट्रेट असतं कुठे?

त्यात खोटे हिट. सुरुवातीला एखादं कंपाउंड मस्त अडवतंय असं दिसायचं, सगळे खूश, मग त्यात डीटीटी टाकायचो (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन, कुजक्या अंड्यासारखा वास, जेवायच्या आधी नकोच) आणि हिट गायब. म्हणजे ते कापायच्या जागी बसतच नव्हतं, एन्झाइममधल्या सिस्टीन ह्या अमिनो आम्लाचं ऑक्सिडेशन करून त्याला बिघडवत होतं. असलं औषध शरीरात दिसेल त्या प्रोटीनला चिकटणार. पुढे काही लोकांनी कापायची जागा सोडून ती जोडीच फोडायची असं ठरवलं, कॅलिफोर्नियात कापोसी सार्कोमा ह्या कॅन्सरच्या हर्पिसव्हायरसवर तसे रेणू सापडलेही, मला वैयक्तिक हा रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो, पण मेडिकलमध्ये मिळेल असं औषध अजून त्यातून आलेलं नाही.

तुम्ही कदाचित नेल्फिनाव्हिरचं वाचलं असेल, एचआयव्हीचं औषध, प्रयोगशाळेतल्या पेशींत हर्पिस अडवतं. खरं आहे. पण ते हर्पिसच्या प्रोटिएजला हातच लावत नाही, पेशीतून व्हायरस तयार होऊन बाहेर पडण्याच्या टप्प्यात गोंधळ घालतं. डिशमध्ये चाललं म्हणून ओठावर चालेलच असं नाही.

एन्झाइम अवघड हे झालं एक, औषध न येण्याचं दुसरं कारण साधं आहे. असायक्लोव्हिर स्वस्त आहे, सुरक्षित आहे, १९८२ पासून बाजारात आहे. ते व्हायरसच्याच एन्झाइमने चालू होतं म्हणून निरोगी पेशींना फारसा त्रास देत नाही. गर्ट्रूड एलियन ह्या औषधं शोधणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंना १९८८ चं नोबेल मिळालं त्यामागे असल्याच कामाचा हात होता. इतकं चांगलं औषध असताना अवघड टार्गेटवर पैसे कोण ओतणार? सीएमव्हीला इतकं सोपं औषध नव्हतं, तिथे पैसे ओतले गेले आणि २०१७ मध्ये लेटरमोव्हिर आलं, ते कवचात डीएनए भरायचा टप्पा अडवतं, म्हणजे आपल्या सेंटरिंगच्या पुढचाच. पण ते फक्त सीएमव्हीवर, तुमच्या ओठावर त्याचा उपयोग नाही.

आणि उद्या प्रोटिएज इनहिबिटर आलाच तरी हर्पिस मुळापासून जाणार नाही. दोन फोडांच्या मधल्या काळात व्हायरस चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत नुसता डीएनए होऊन पडलेला असतो, तेव्हा कवच बांधतच नाही, मग अडवणार काय? आमची आजी ओठ फुटला की म्हणायची ताप बाहेर पडला, बरं झालं. बाहेर कसला पडतोय, परत आत जाऊन झोपतोय.

तुम्हाला इतक्या वेळा येतोय तर डॉक्टरांना रोजच्या कमी डोसबद्दल विचारा, काही महिने सलग व्हॅलासायक्लोव्हिर देतात, ते शरीरात जाऊन असायक्लोव्हिरच होतं पण दिवसातून पाच-पाच वेळा घ्यायची कटकट नसते. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. नाहीतर मुंग्या यायला लागल्या, ओठ चुरचुरला की लगेच गोळी, फोड दिसायची वाट बघू नका. आणि डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, घरात पडलेले स्टिरॉइडचे ड्रॉप मनाने घालू नका.