पेशीसंवर्धन शिकायचे, म्हणून संख्याशास्त्र सोडावे का?

तू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहेस, प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या गाठींच्या पेशींमधील कर्करोगकारक उत्परिवर्तनांवर (म्हणजे जनुकांतील बदलांवर) पुढे संशोधन करू इच्छितेस आणि त्यासाठी संख्याशास्त्र सोडून सगळा वेळ पेशीसंवर्धनाला, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायला शिकण्याला, द्यावा का, असे विचारतेस. संख्याशास्त्र सोडू नकोस, असे मी आग्रहाने सांगेन.

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात बीआरएएफ जनुकातील बदलांचे महत्त्व २००२ मध्ये उघड झाले. सुमारे निम्म्या मेलानोमांमध्ये हे जनुक बदललेले असते आणि बहुतेकदा त्याच्या प्रथिनात ६०० व्या स्थानी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते, त्यामुळे पेशीला विभाजनाचा संदेश अखंड मिळत राहतो. या बदललेल्या प्रथिनाला रोखणारे वेमुराफेनिब हे औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाले. मात्र हाच बदल निरुपद्रवी तिळांमध्येही सर्रास आढळतो. म्हणजे उत्परिवर्तन सापडले, एवढ्यावरून कर्करोगाचे कारण सापडले असे म्हणता येत नाही.

अडचण इथेच संपत नाही. कोलो-८२९ या मेलानोमाच्या पेशींचा संपूर्ण जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात डीएनएच्या एकेका अक्षराचे ३३,००० हून अधिक बदल मोजले गेले आणि त्यांतील बहुसंख्य बदलांवर अतिनील किरणांचा ठसा होता. त्यांपैकी मोजकेच गाठ वाढवणारे. उरलेले नुसते सोबत आलेले. शिवाय पेशी वर्षानुवर्षे वाढवताना नवे बदल साठत जातात, ते वेगळे. गाठ वाढवणारे बदल यांतून निवडण्यासाठी त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींशी तुलना आणि पक्के संख्याशास्त्र लागते. पेशींची ओळखही तपासावी लागते: एमडीए-एमबी-४३५ या पेशी दीर्घकाळ स्तनाच्या कर्करोगाच्या समजल्या गेल्या, पण त्या मेलानोमाच्या निघाल्या.

पेशीसंवर्धनाला चिकाटी आणि कमालीची स्वच्छता लागते, पण ते चांगल्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काही महिन्यांत अंगवळणी पडते. संख्याशास्त्राची समज मात्र अशी घाईने येत नाही. अशा संशोधनासाठी वैद्यकीय पदवी आवश्यक नाही, ती रुग्णांवर उपचार करण्यासाठी लागते. जैवतंत्रज्ञान किंवा जैवमाहितीशास्त्रात एम.एस्सी. कर आणि स्वतंत्र संशोधन करायचे असेल तर पीएच.डी.चा कालावधी आत्ताच हिशेबात धर. दरम्यान आर किंवा पायथॉन ही संगणकाची भाषा शिकून कॉस्मिक या कर्करोगातील जनुकीय बदलांच्या माहितीसंग्रहात बीआरएएफ कोणकोणत्या कर्करोगांत बदललेले दिसते ते स्वतः पाहा, आणि सुट्टीतील प्रशिक्षणासाठी अर्ज करताना त्यातून सुचलेला एक नेमका प्रश्न अर्जात लिही.