सायकल घ्या, पण आधी गाडीचा हिशोब मिटवा

प्रश्न: घरात दोन मोटारी आहेत. आठ वर्षांची छोटी गाडी मी ऑफिसला नेतो, अंतर 7 किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट. आठवड्यातून चार दिवस सायकलने जायचं ठरवतो आहे. बॅटरीवरची सायकल पसंत पडली आहे, 18 बिनव्याजी हप्त्यांत मिळते. पत्नीचं म्हणणं, साधीच घ्या. जुनी गाडी अडीअडचणीसाठी राहू देणार आहे. पेट्रोलचे वाचलेले पैसे दरमहा गुंतवले तर हप्ते आपोआप भरून निघतील ना?

उत्तर: तुम्ही हिशोबाचा तक्ता जोडलात, त्याबद्दल आभार. बहुतेक जण फक्त पेट्रोलचा अंदाज पाठवतात. प्रत्येक ठिकाणचे भाव वेगळे, म्हणून इतर वाचकांसाठी मी रकमा न लिहिता तुमच्या एका महिन्याच्या पेट्रोलखर्चालाच माप धरतो. त्याला ‘पेट्रोलमहिना’ म्हणू.

तुमच्या तक्त्याप्रमाणे छोट्या गाडीचं वर्षाचं पेट्रोल 12 पेट्रोलमहिने. विमा, सर्व्हिसिंग आणि पार्किंगचं भाडं मिळून 9. गेल्या वर्षी गाडीला 60 ची मागणी आली होती, यंदा 52 ची, म्हणजे उभ्या उभ्या आणखी 8 गेले. हा शेवटचा आकडा तुम्ही तळटीपेत टाकला आहे. तो वर आणा. एकूण 29 झाले आणि त्यातलं पेट्रोल निम्म्याहूनही कमी.

आता तुमचा बेत पाहू. पेट्रोलपैकी ऑफिसच्या फेऱ्यांचे 8. पाचातले चार दिवस सायकल म्हटल्यावर त्यातले साधारण साडेसहा वाचतील. सायकलची देखभाल, टायर-ट्यूब, चेन, वर्षाकाठी एक पूर्ण सर्व्हिसिंग यांना 2 धरा. हाती राहिले साडेचार. बॅटरीची सायकल आहे 20 पेट्रोलमहिन्यांची, म्हणजे ती वसूल व्हायलाच जवळपास साडेचार वर्षं लागतील. हप्ते मात्र दीड वर्षात संपवायचे आहेत. म्हणजे ते पेट्रोलच्या बचतीतून नव्हे, पगारातूनच जाणार, आणि गुंतवायला काही उरणार नाही.

गाडी विकलीत तर चित्र पालटतं. 29 वाचले. त्यातले 6 भाड्याच्या गाड्यांसाठी आणि दुसऱ्या मोटारीच्या जादा पेट्रोलसाठी वेगळे काढा, 2 सायकलच्या देखभालीला. तरी वर्षाला 21 उरतात, शिवाय विक्रीचे 52 हातात. बचत सायकल चालवण्याने होते त्यापेक्षा एक गाडी दारातून गेल्याने होते. मी स्वतः ही चूक केली आहे. सायकलने जायला लागल्यावर दोन वर्षं जुनी गाडी ‘असू दे’ म्हणून ठेवली. दर रविवारी ती चालू करून एक चक्कर मारायचो, का तर बॅटरी उतरू नये. त्या चक्करेखेरीज तिला काम नव्हतं, विमा मात्र वेळेवर भरत होतो.

ते 6 खर्च करायला कचरू नका. मुसळधार पावसात, तापातून उठल्यावर, जड सामान असताना सरळ टॅक्सी बोलवा. असे दोन-चार दिवस रडतखडत काढले की माणूस वैतागून पुन्हा गाडीच्या शोरूममध्ये जातो.

आता कोणती सायकल? इथे मी तुमच्या पत्नीच्या बाजूचा. सपाट 7 किलोमीटर, ताशी 15 च्या सावकाश वेगाने अठ्ठावीस मिनिटं. यासाठी मोटर लागत नाही. चढ असते, अंतर 12-15 किलोमीटर असतं किंवा गुडघ्याची तक्रार असती तर मीच बॅटरीची घ्या म्हटलं असतं. विजेची धास्ती तर अजिबात नको: दर किलोमीटरला सुमारे 10 वॉट-तास धरले तर तुमच्या वर्षभराच्या 2,500 किलोमीटरना 25 युनिट लागतील. खरा प्रश्न बॅटरीचा. ती साधारण 500 ते 1000 पूर्ण चार्ज टिकते. 400 वॉट-तासाच्या बॅटरीचे तुमच्याकडून वर्षाला साठ-पासष्टच होतील, म्हणजे वापराने नव्हे, वयाने ती थकेल. पाच-सहा वर्षांनी त्याच मापाची बॅटरी कंपनी देईल का, हे आज लेखी विचारा. गोलमोल उत्तर आलं तर समजून जा.

साधी सायकल तुमच्या तक्त्यात 5 पेट्रोलमहिन्यांची आहे. त्यावर दीड जादा धरा. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, पुढचा-मागचा दिवा, चेनकव्हर आणि दणकट कुलूप यांत तो जाईल. दुकानात चकाकणाऱ्या सायकलींना यातलं बहुधा काहीच नसतं, त्याऐवजी पुढे शॉकअब्सॉर्बर असतो. रोजच्या डांबरी रस्त्यावर तो वजन वाढवतो, पायडलचा जोर खातो आणि दुरुस्तीला एक भाग जास्त. त्यापेक्षा 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि ताठ बसता येईल असं हँडल पाहा. सात-आठ गिअर भरपूर झाले. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, बंद असलेले गिअर मिळाले तर उत्तम. चिखल-पाण्यापासून ते सुरक्षित राहतात. अशी साडेसहाची सायकल, गाडी विकलीत तर चार महिन्यांच्या आत वसूल होते. न विकता दीड वर्ष लागतं, तेही वाईट नाही. हप्ते नकोत, साठवलेल्या पैशांतून घ्या. ‘बिनव्याजी’मध्ये बहुधा रोखीवरची सूट गेलेली असते आणि प्रोसेसिंग फी लागते. रोखीचा भाव विचारून बघा.

देखभालीत एकाच गोष्टीचा आळस महागात पडतो, चेनचा. नव्या चेनच्या 12 पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बरोबर 12 इंच भरतात. पट्टी लावून मोजा. एक सोळांश इंच वाढल्या असतील तर चेन बदला. एक अष्टमांश झाल्या तर तोवर चेनने मागच्या चक्रांचे दातही खाल्लेले असतात, आणि मग सगळाच संच बदलावा लागतो. आठवड्यातून एकदा हवा, महिन्यातून एकदा ही पट्टी. एवढं पुरे.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. सायकलवर बसलात की मोटारीच्या विम्यातलं तुमचं अपघात संरक्षण बरोबर येत नाही. तुमची वैयक्तिक अपघात पॉलिसी सायकलवरच्या इजेला आणि कायमच्या अपंगत्वाला लागू होते का, ते तपासा. चोरीसाठी फ्रेमचा क्रमांक, बिल आणि फोटो जपून ठेवा.

ऑफिसात सायकल ठेवायला धड जागा नाही असंही लिहिलं आहे. वरिष्ठांशी पर्यावरणाच्या नव्हे, जागेच्या भाषेत बोला. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात आणि पार्किंगची जागा फुकट येत नाही. बेल्जियममध्ये सायकलने येणाऱ्यांना दर किलोमीटरमागे भत्ता देणारी ऑफिसं आहेत. तुम्ही फक्त एक छपराचा स्टँड मागा.

आता क्रम. आधी सहा आठवडे कोणाची तरी सायकल उसनी घ्या किंवा भाड्याने. गाडीची किल्ली पत्नीकडे द्या. ती मागावी लागेल तेव्हा तारीख आणि कारण लिहून ठेवा, अगदी ‘कंटाळा आला’ हेही. गाडीच्या विम्याचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आहे, म्हणजे पुरेसा वेळ आहे. सहा आठवड्यांत दहापेक्षा कमी नोंदी झाल्या तर त्या आठवड्यातच विक्रीची जाहिरात टाका आणि 52 च्या मागणीला होकार द्या. जास्त झाल्या तर ती कारणं मला पाठवा, सायकलचे पैसे तोवर बँकेतच राहू द्या.