दुकानदार म्हणतो, "१२० मायक्रॉनची कॅरीबॅग आहे, चालते." महाराष्ट्रात खरंच चालते का?

नाही चालत. तो सांगतोय तो केंद्राचा नियम: ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर देशभर बंदी आली. पण महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्येच स्वतःची अधिसूचना काढली, आणि तिच्यात कॅरीबॅगसाठी जाडीची पळवाट ठेवलेली नाही. हँडलवाली असो वा बिनहँडलची, बादच. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर ३ महिन्यांची कैद.

दुधाच्या पिशवीला मात्र सूट आहे. ती किमान ५० मायक्रॉनची हवी आणि तिच्यावर परत घेण्याची किंमत छापायची, निदान ५० पैसे. आमच्या डेअरीवाल्याने ते पैसे कधी हातावर टेकवले नाहीत, ही गोष्ट वेगळी.