बंद झालेले चॉकलेट बार लोक इतकी वर्षे का आठवतात?

अमेरिकेत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बंद पडलेल्या चॉकलेट बारविषयी तिथली माणसे अजूनही इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात, आणि कंपन्या ते पुन्हा का काढत नाहीत, असे आपण विचारले आहे. मला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच वाटते, आणि ते म्हणजे त्या बारची घडण.

मार्स कंपनीचा मॅरेथॉन बार १९७३ ते १९८१ एवढाच काळ बाजारात होता. (ब्रिटनमध्ये १९९० पर्यंत याच नावाने विकला जाणारा बार निराळा, तो म्हणजे आजचा स्निकर्स.) कॅरॅमलची आठ इंच लांब वेणी, तिच्यावर मिल्क चॉकलेटचा थर, आणि लाल वेष्टनावर चक्क इंचांच्या खुणा असलेली पट्टी छापलेली. कॅरॅमल चिवट असल्यामुळे हा बार भराभर खाताच येत नसे, आणि जाहिरातींचा सगळा भरही त्यावरच होता. ज्या मुलाच्या खिशात एकाच बारपुरते पैसे आहेत, त्याला लवकर न संपणाऱ्या खाऊचे केवढे अप्रूप असेल! केवळ चवीचाच प्रश्न असता, तर अशाच घडणीच्या आणि आजही मिळणाऱ्या कॅडबरीच्या कर्ली वर्लीवर या लोकांचे भागले असते. पण त्यांना हवी आहे ती पट्टीवर मोजून, पुरवून पुरवून खाण्यातली गंमत.

गंमत देणारी हीच घडण कारखान्याला मात्र परवडत नाही. सेंट पॉलच्या पिअरसन्स कंपनीच्या सेव्हन अप बारमध्ये सात कप्पे आणि प्रत्येकात वेगळे सारण असे. एका बारसाठी सात सारणे तयार करायची आणि ज्याच्या त्याच्या कप्प्यात ओतायची, हा खटाटोप कंपनीने १९७९ मध्ये थांबवला.

तरीही सगळेच दरवाजे बंद झालेले नाहीत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. कॅरॅमल, व्हॅनिला, शेंगदाणा आणि फज अशी चार सारणे असलेला १९३८ चा स्काय बार, नेको कंपनीचा कारखाना २०१८ मध्ये बंद पडल्यावर नाहीसा झाला होता. मॅसॅच्युसेट्समधील सडबरी येथील एका दुकानमालकिणीने त्याचे हक्क लिलावात विकत घेतले आणि तो पुन्हा बनवायला सुरुवात केली. अवघड घडणीचे जुने बार परत आलेच, तर ते अशाच छोट्या उत्पादकांकडून येतील, असे मला वाटते.