झिजलेला बूट आधी बघ

बाय,
अनेक आशीर्वाद.

स्केटबोर्ड, म्हणजे ती चाकांची फळी, चालवणाऱ्यांसाठी बूट आणि टी-शर्ट काढायचं ठरवल्याचं तुझं पत्र दोनदा वाचलं. लोगोचे नमुने आहेत, टी-शर्टचे रंग आहेत, आग्र्याच्या कारखान्याने दिलेला दर आहे. मालवणात तुझ्याबरोबर स्केटबोर्ड चालवणारी पोरं पायात काय घालतात आणि ते बूट कुठे फाटतात, याची मात्र एक ओळ नाही. तू स्वतः खेळतेस, तरी नाही. त्याचा राग आला म्हणून फोन न करता लिहायला बसलो.

तू विचारतेस, खेळणारे मोजकेच आहेत, तर जोडीला धावण्याचे, क्रिकेटचे, शाळेचे बूटही काढू का? नको. ज्याचा झिजलेला बूट तू हातात घेतला नाहीस, त्याच्यासाठी बूट काढायचा नाही.

व्हॅन्स या अमेरिकन बूट कंपनीचं नाव तू तीनदा लिहिलंस, पण तिची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक दिसते. १६ मार्च १९६६ला कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावात पॉल आणि जिम व्हॅन डोरेन या भावांनी भागीदारांसह दुकान उघडलं. कारखाना तिथेच. पहिल्या सकाळी १२ गिऱ्हाइकं आली, त्यांचे बूट त्याच दिवशी बनवून दुपारी त्यांच्या हाती दिले. कंपनी स्केटबोर्डसाठी निघालीच नव्हती. तो जाड रबरी तळ फळीला धरून राहतो हे पोरांनी शोधलं. कंपनीचं शहाणपण एवढंच की तिने पोरांच्या पायांकडे पाहिलं. एका पायाचा बूट आधी झिजतो म्हणून कुणी एकच बूट मागितला, तर एकच विकला. १९७६ साली टोनी आल्वा आणि स्टेसी पेराल्टा या खेळाडूंना बरोबर घेऊन घोट्याशी गादी असलेला ‘इरा’ काढला.

पुढे त्याच कंपनीने बास्केटबॉल, धावणं, कुस्ती, अगदी ब्रेकडान्ससाठीही बूट काढले आणि १९८४ला दिवाळखोरीचा अर्ज केला. बाहेरून स्वस्त माल येत होता हेही खरं. पण इतक्या खेळांच्या मागे धावताना खर्च केवढा वाढला असेल, याचा हिशेब तुला मी सांगायला नको, कॉमर्स तुझं झालंय. बाजूला झालेला पॉल परत आला, पसारा आवरून जुन्या बुटांवर आला, तेव्हा कुठे देणी फिटली.

आणखी एक, हे नीट वाच. १९८९ला स्टीव्ह कबालेरो या खेळाडूच्या नावाने त्यांनी घोट्यावर जाणारा उंच बूट काढला. पोरांना तो उंच वाटला. त्यांनी वरचा भाग कापला, टेप गुंडाळली आणि खेळू लागली. १९९२ला कंपनीने तसाच आखूड बूट आणला, ‘हाफ कॅब’. तो अजून विकला जातो. कापलेल्या बुटाने शिकवलं, बाय.

आता आपलं बघ. आग्र्याहून येणारा तळ सोल्यूशनने चिकटवलेला असेल की भट्टीतला, हे तू विचारलंस का? भट्टीतला म्हणजे अप्परभोवती, बुटाच्या वरच्या भागाभोवती, कच्च्या रबराची पट्टी गुंडाळून अख्खा बूट तापवतात, गंधकाने आणि उष्णतेने रबर पक्कं होतं. तो तळ पातळ, लवचिक, फळी पायाला कळते. चिकटवलेला तळ आपल्या पावसात कसा उकलतो हे मी रोज बघतो. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, तळ तर दमट हवेत नुसता ठेवूनही भुगा होतो. कॅनव्हास लवकर वाळतं, पण फळीवरची ग्रिप टेप म्हणजे पॉलिश पेपरच, ऑली मारताना, म्हणजे फळीसकट उडी घेताना, पुढच्या पायाच्या करंगळीच्या बाजूला कापड खरवडून निघतं. सुएड, म्हणजे लवदार मऊ चामडं, तिथे टिकतं, पण श्रावणात त्यावर बुरशी. म्हणजे कोकणातल्या बुटाला दोन्ही हवं. मला वाटतं बाकी कॅनव्हास आणि घासणाऱ्या जागेपुरतं सुएड. पण माझं वाटणं राहू दे. झिजलेला बूट बघ.

मी मुंबईच्या बुटांच्या कारखान्यात फर्म्यांवर, म्हणजे ज्या साच्यावर बूट चढवून घडवतात त्यांवर, होतो तेव्हा परत आलेला माल गोणीत भरून भंगारात जायचा. मी गोण्या उघडायचो. एका पावसाळ्यात शाळेचे बूट सगळे एकाच घडीवर उकललेले आले. कापून दाखवले. साहेब म्हणाले, वेळ घालवू नका. तोच फर्मा पुढे चालू राहिला आणि मी नोकरी सोडली. वेंगुर्ल्यात दुरुस्तीचं दुकान घातलं, तर लोक म्हणाले, कारखान्यातला माणूस चपला शिवत बसला. घरातही अजून ते पटलेलं नाही. पण माझं बरोबरच होतं. ज्या बुटाने पोरांचे पाय भिजतात तो मी कशाला बनवू? पगारासाठी? तो मिळाला असता, बढतीही मिळाली असती. हळहळ एकाच गोष्टीची आहे, वय होतं तेव्हा भांडवल नव्हतं, माझा स्वतःचा बूट राहून गेला. म्हणून तुझ्यावर चिडतो. तुझ्याकडे वय आहे, वडील पैसे द्यायला तयार आहेत, आणि तू रंग निवडत बसलीस.

टी-शर्टचंही तेच. पडल्यावर खांद्याची शिवण कुठे सुटते, घामाने कापड कुठे चिकटतं, ते आधी बघ.

आग्र्याला आगाऊ रक्कम पाठवू नकोस. पोरांचे टाकलेले बूट गोळा कर, विशेषतः पुढच्या पायाचे. चतुर्थीला मुंबईची मुलं गावी येतील, त्यांच्याकडूनही माग. प्रत्येकावर नाव, किती महिने वापरला आणि कुठे खेळतो, डांबरावर की बंदरावरच्या काँक्रीटवर, एवढं चिकटव. धुवू नकोस, घासू नकोस. गोणी वेंगुर्ल्याच्या एसटीत ठेव आणि कंडक्टरला माझ्या दुकानाचं नाव सांग. रापी, चामडं कापायची सुरी, धारेला लावून ठेवतो, एकेक मधून कापून बघू. लोगोचं त्यानंतर.

तुझा,
काका